फोनमधला पाटकरी

पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाकडे निघालेल्यांच्या हातात किंवा खिशात फोन असतोच. २०१२ मध्ये सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनने या घाटाला पळणाऱ्यांच्या नकाशावर आणले. पण रोजची वर्दळ असते ती मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे सांभाळत चालणाऱ्या साध्या माणसांची. सांगलीच्या आमराईत फेऱ्या मारणाऱ्यांचेही तेच. चालून झाले की फोन पाहायचा, आकडा वाचायचा आणि समाधानाने किंवा खंतावून घरी जायचे.

हा आकडा आता दवाखान्यातही येऊ लागला आहे. रुग्ण ओपीडीत फोन पुढे करतो. एका ॲपमध्ये ६,२०० पावले, दुसऱ्यात ५,७००, मनगटावरच्या घड्याळात ६,९००. चाल एकच, माणूस एकच, मग हिशेब तीन कसे? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर पायांत सापडत नाही. ते सापडते फोनच्या आत एकाच सेन्सरचे मोजमाप अनेक मागणीदारांना कसे वाटून दिले जाते, त्यात. पावलांच्या बाबतीत हा वाटपाचा घोळ करमणुकीचा आहे. रात्री दोन वाजता साखर उतरलेल्या माणसाच्या बाबतीत तो करमणुकीचा राहत नाही.

आधी सेन्सर पाहू. पावले मोजणारा मुख्य सेन्सर म्हणजे ॲक्सेलरोमीटर, वेगातला बदल मोजणारा. दोन-तीन मिलिमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते आणि त्या बदलाचे विजेच्या भाषेत मोजमाप होते. आडवे, उभे आणि खोलीचे असे तीन दिशांचे तीन आकडे, सेकंदाला कित्येक वेळा.

या तीन आकड्यांवर डोळा ठेवून बसलेले किती जण असतात? स्क्रीन आडवी-उभी करणारी यंत्रणा, पावले मोजणारे ॲप, गाडीत बसलात की चालता आहात हे ओळखणारा नकाशा, पडल्याचे ओळखून नातेवाइकांना कळवणारी सोय, नातवाचा गाडी पळवण्याचा खेळ. चिप एक, ग्राहक पाच-सात. प्रत्येकाला आकडे हवेत आणि प्रत्येकाला ते आपल्या गतीने हवेत.

इथे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला जास्त समजावून सांगावे लागणार नाही. कऱ्हाडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघणारा कृष्णा कालवा सातारा जिल्ह्यातून सांगली जिल्ह्यात उतरतो. कालवा एक, शेते अनेक, म्हणून पाण्याची पाळी लागते आणि पाळी सांभाळायला पाटकरी लागतो. फोनची ऑपरेटिंग सिस्टीम हे पाटकऱ्याचे काम करते. कुठलेही ॲप थेट चिपपर्यंत पोहोचत नाही. ते सिस्टीमकडे मागणी नोंदवते: मला हा सेन्सर हवा, सेकंदाला इतक्या वेळा हवा, इतका उशीर चालेल. अँड्रॉइडमध्ये सेन्सर सर्व्हिस नावाची सेवा या सगळ्या मागण्या गोळा करते, चिपकडून मोजमाप घेते आणि ज्याला त्याला त्याची प्रत देते.

फरक मात्र आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. पाणी एका शेतात गेले की दुसऱ्याला तेवढे कमी पडते. मोजमापाचे तसे नाही. एकच आकडा दहा ॲपना दिला तरी तो झिजत नाही. झिजते ती बॅटरी, म्हणजे कालवा वाहता ठेवण्याचा खर्च. आणि एक गंमत अशी की दोन ॲपनी वेगवेगळा वेग मागितला, तर चिप सर्वांत घाईच्या ग्राहकाच्या वेगाने चालते. हळू मागणाऱ्यालाही कधी कधी मागितल्यापेक्षा जास्त आकडे मिळतात. शेजाऱ्याने उसासाठी पाट भरून सोडायला लावला आणि आपल्या भाजीच्या वाफ्यातही पाणी चढले, असा प्रकार. म्हणजे फोनची बॅटरी दुपारीच उतरते तेव्हा दोष पावले मोजणाऱ्या गरीब ॲपचा असेलच असे नाही.

तीन ॲपचे तीन आकडे का, याचे निम्मे उत्तर इथेच आहे. कच्चा माल तिघांचा जवळपास सारखाच असतो. पण एक ॲप चिपकडून आलेली तयार मोजणी घेते, दुसरे कच्च्या हेलकाव्यांवरून स्वतः पावले ठरवते, आणि घड्याळाचा तर सेन्सरच वेगळा. हात हलवून बोलण्याची सवय असेल तर घड्याळ जास्त मोजते. भाजीच्या पिशवीने हात जखडला असेल तर कमी मोजते.

उरलेले निम्मे उत्तर ॲपच्या पोटात आहे. तिथे भेटतात थ्रेड, म्हणजे कामाचे धागे. ॲप बाहेरून एक दिसले तरी आत एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. एक धागा सेन्सरचे आकडे घेतो, दुसरा त्यावरून पावले काढतो, तिसरा ती साठवतो, चौथा स्क्रीनवर दाखवतो. सरकारी रुग्णालयातला वॉर्ड डोळ्यासमोर आणा. दोन वेगळी ॲप म्हणजे दोन वेगळे वॉर्ड. एका वॉर्डाच्या कपाटाला दुसऱ्या वॉर्डातला माणूस हात लावत नाही. पण एकाच ॲपमधले धागे म्हणजे एकाच वॉर्डातले डॉक्टर, सिस्टर, वॉर्डबॉय. कपाट एक, टेबल एक, रुग्णाचा केसपेपरही एकच. सोय मोठी आणि धोकाही तिथेच.

समजा, केसपेपरवर दुपारचा रक्तदाब १८०/११० लिहिलेला आहे. औषधानंतर सिस्टरनी पुन्हा मोजला, तो १३०/८० आला. त्या जुना आकडा खोडून नवा लिहू लागल्या. वरचा १३० लिहून झाला, खालचा ८० लिहायचा आहे, एवढ्यात ज्युनिअर डॉक्टरने घाईने तोच कागद पाहून दुसरीकडे उतरवून घेतला: १३०/११०. हा रक्तदाब त्या रुग्णाचा कधीच नव्हता. दोन्ही आकडे खरे, जोडी मात्र खोटी. वरच्या आणि खालच्या दाबात फक्त २० चे अंतर पाहून एखादा अनुभवी डॉक्टर हृदयाभोवती पाणी साचले की काय, असा विचार करू लागेल आणि नसलेल्या आजाराच्या तपासण्या सुरू होतील.

फोनमध्ये हे असेच घडू शकते. लिहिणाऱ्या धाग्याने तीन दिशांपैकी एका दिशेचा नवा आकडा लिहिला, बाकी दोन जुनेच आहेत, आणि वाचणाऱ्या धाग्याने मध्येच तिन्ही उचलले. फोन अशा दिशेने हलल्याचे दिसते, ज्या दिशेने तो हललाच नाही. दुसरा प्रकार हरवलेल्या बेरजेचा. साठवलेला आकडा ५,०००. दोन धाग्यांनी तो एकाच वेळी वाचला. पहिल्याने १० मिळवून ५,०१० लिहिले, दुसऱ्यानेही आपले १० मिळवून ५,०१० च लिहिले. वीस पावले चालून दहाच जमा झाली. रोज दोन दुकानांची गल्ली एकाच वहीत लिहिणाऱ्या भागीदारांना हा घोटाळा चांगला माहीत असतो.

यावर उपाय आहे कुलूप. एका वेळी एकालाच कागद हातात घेता येईल, त्याचे संपले की दुसऱ्याला. संगणकाच्या परिभाषेतही त्याला लॉकच म्हणतात. चांगले ॲप लिहिणारे एक पथ्य पाळतात: कुलूप घ्यायचे, पटकन प्रत काढायची, कुलूप सोडायचे आणि हिशेब आपल्या प्रतीवर निवांत करायचा. केसपेपर ताब्यात ठेवून चहाला जायचे नाही. दुसरे पथ्य, स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य धाग्यावर जड हिशेब टाकायचा नाही. तो धागा अडकला आणि बोटाच्या स्पर्शाला पाच सेकंदांत प्रतिसाद गेला नाही, की अँड्रॉइड ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी लावते. ही पाटी सर्वांनी पाहिलेली आहे. अनेकदा तिच्यामागे असाच एखादा कुलपापाशी खोळंबलेला धागा असतो.

पावलांच्या चुकीने कोणी दगावत नाही. पण एकाच माहितीवर दोन कामांनी बेसावधपणे हात टाकल्याने माणसे दगावल्याची नोंद वैद्यकाच्या इतिहासात आहे. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले, कर्करोगावर किरणोपचार देणारे यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यावर सहा रुग्णांना नेमून दिलेल्या मात्रेपेक्षा प्रचंड जास्त किरणे बसली. काहींचा त्यात मृत्यू झाला. १९८६ मध्ये टेक्सासमधल्या टायलर इथे दोन रुग्णांच्या बाबतीत कारण सापडले ते असे. तंत्रज्ञाने उपचाराचा प्रकार चुकून एक टाइप केला आणि लगेच दुरुस्त करून दुसरा केला. ही दुरुस्ती काही सेकंदांत झाली. तेवढ्यात यंत्राचे दुसरे काम, म्हणजे चुंबके जागेवर आणणे, चालू होते आणि त्याने बदललेली नोंद पाहिलीच नाही. स्क्रीनवर एक, यंत्रात भलतेच. आधीच्या यंत्रांत अशा वेळी किरणे अडवणारी यांत्रिक सोय होती. या यंत्रात ती काढून सारा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. तंत्रज्ञ सरावाने जलद टाइप करू लागल्यावरच चूक उघडी पडली, ही त्यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट. सावकाश काम करणाऱ्याच्या हातून ती कधी झालीच नसती, म्हणून चाचणीतही दिसली नसती.

कुलूप लावले म्हणजे सगळे सुटले, असेही नाही. कुलपापाशी रांग लागते आणि रांगेत कोण कोणाच्या मागे उभा आहे यावर जीवनमरण ठरू शकते. ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक काही दिवसांनी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. कारण सेन्सरच्या माहितीशीच जोडलेले होते. हवामानाच्या नोंदी घेणारे कमी महत्त्वाचे काम सामाईक कुलूप धरून होते. अतिशय महत्त्वाचे काम त्या कुलपाची वाट पाहत होते. आणि मध्यम महत्त्वाचे, संपर्काचे काम मध्ये घुसून हवामानाच्या कामाला पुढे सरकूच देत नव्हते. एक्स-रेच्या खोलीत साधा रुग्ण आहे, बाहेर अपघाताचा रुग्ण स्ट्रेचरवर तळमळतो आहे आणि तंत्रज्ञाला दुसऱ्याच कोणी बोलण्यात गुंतवले आहे, अशी ती अवस्था. इलाज पृथ्वीवरून पाठवला गेला: ज्याच्यासाठी महत्त्वाचे काम खोळंबले आहे, त्याला तेवढ्यापुरते महत्त्वाच्या कामाचा दर्जा द्यायचा, म्हणजे तो लवकर आटोपून बाहेर येतो. हीच युक्ती आजच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येही वापरली जाते.

कॅमेऱ्याचा प्रकार आणखी वेगळा. बोट कॅमेऱ्यावर आणि फ्लॅशवर ठेवून नाडी मोजणारी ॲप असतात. प्रत्येक ठोक्याला बोटातल्या रक्ताचे प्रमाण बदलते, परत येणारा प्रकाश बदलतो, त्यावरून ठोके मोजले जातात. पण कॅमेरा ही ॲक्सेलरोमीटरसारखी सर्वांना वाटायची वस्तू नाही. तो साधारणपणे एका वेळी एकाच ॲपच्या ताब्यात असतो. नाडी मोजताना व्हिडिओ कॉल उचलला की मोजणी तुटते. अर्धवट मोजलेल्या नाडीवरून घाबरून येणारे रुग्ण कमी नाहीत. मनगटावर तीन बोटे ठेवून घड्याळ लावून मोजलेली नाडी अजूनही जास्त विश्वासाची आहे.

आता झोपेकडे वळू. माणसाच्या नव्हे, फोनच्या. फोनचा मुख्य प्रोसेसर चोवीस तास जागा ठेवला तर बॅटरी काही तासांत संपेल. म्हणून २०१३ च्या सुमारास एक मोठा बदल आला. त्या वर्षी आयफोन ५ एस मध्ये हालचालीची नोंद ठेवण्यासाठी वेगळी छोटी चिप आली आणि अँड्रॉइडच्या ४.४ आवृत्तीत सेन्सरचे आकडे साठवून एकगठ्ठा देण्याची सोय आली. मुख्य डॉक्टर झोपलेले, पण रात्रपाळीची सिस्टर जागी आहे आणि दर तासाच्या नोंदी तक्त्यावर करते आहे. सकाळी डॉक्टर उठले की पूर्ण तक्ता समोर. खिशातून फोन काढल्यावर पावलांचा आकडा एकदम चारशेने उडी मारतो तो यामुळेच. अँड्रॉइडच्या पावले मोजणाऱ्या सेन्सरलाच नियमाप्रमाणे दहा सेकंदांपर्यंत उशिराची मुभा आहे. शिवाय फोन बंद करून सुरू केला की हा सेन्सर शून्यापासून मोजू लागतो. मधला हिशेब जुळवणे ॲपचे काम, आणि सगळीच ॲप ते नीट करत नाहीत.

सिस्टर नोंदी ठेवते, पण तिला डॉक्टरांना उठवण्याचा अधिकार आहे का? या प्रश्नापाशी विषयाचा रंग पालटतो. नोंद उशिरा पोहोचली तरी नोंदच राहते. हाक उशिरा पोहोचली तर ती हाक राहत नाही.

याचे एक उदाहरण सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांच्या दाराशी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आजही कोयना-वारणेच्या परिसरात धक्के बसत असतात आणि कऱ्हाडला भूगर्भाच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये अँड्रॉइड फोनवरची भूकंप इशारा सेवा भारतात सुरू केली. यात सेन्सर तोच, पावले मोजणारा. रात्री चार्जिंगला लावलेला, टेबलावर स्थिर पडलेला फोन हा एक छोटा भूकंपमापक बनतो. भूकंपाची पहिली, हलकी पण वेगवान लहर जाणवली की तो दूरच्या संगणकाला कळवतो. एकाच भागातल्या अनेक फोननी एकदम कळवले की भूकंप असल्याचे ठरते आणि इशारा जातो. भूकंप ४.५ किंवा त्याहून मोठा असेल तरच. पाटण तालुक्यात जाणवणाऱ्या लहान धक्क्यांना फोन गप्प राहिला तर तो बिघडलेला नाही.

यात वेळेचे गणित पाहण्यासारखे आहे. जोराने हलवणारी दुसरी लहर सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर जाते. कोयनानगरपासून सांगली सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तिथे ती पोहोचायला तीस सेकंदांच्या आसपास. साताऱ्याला दहा-बारा सेकंद. पाटणला चार-पाच. यातून ओळखण्याचा आणि इशारा पोहोचण्याचा वेळ वजा करायचा. सांगलीकराला टेबलाखाली शिरायला वेळ मिळू शकतो, पाटणकराला जवळपास नाही. इथे सेन्सरचा आकडा दहा सेकंद रांगेत थांबला तर सेवा असून नसल्यासारखी. आणि यंत्रणा अचूक आहेच असेही समजू नये. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानचा ७.८ तीव्रतेचा भूकंप याच यंत्रणेने सुरुवातीला फारच लहान समजला आणि ठळक इशारा फार थोड्या फोनवर गेला.

भूकंप रोज येत नाही. साखर मात्र रोज रात्री खाली येऊ शकते.

इन्शुलिन घेणाऱ्या रुग्णांसाठी आता दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर मिळतो. त्याचा केसाएवढा तंतू त्वचेखालच्या द्रवातली साखर सतत मोजतो आणि ब्लूटूथने फोनला कळवतो. मुळातच हे मोजमाप रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असते. साखर ७० च्या खाली जाऊ लागली की फोनने ओरडायचे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे लहान मूल, किंवा एकटी राहणारी, इन्शुलिनवरची आजी, यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. झोपेत घाम, थरथर कळत नाही आणि ५४ च्या खाली गेलेली साखर बेशुद्धी, झटके इथपर्यंत नेऊ शकते. मुलगा पुण्यात आणि आई जतला किंवा फलटणला असेल, तर मुलाला आपल्या फोनवर आईची साखर दिसते. या भरवशावर घरातले शांत झोपतात.

आता फोनच्या आत काय चालले आहे ते पाहा. एक धागा ब्लूटूथवरून आकडा घेतो, दुसरा तो साठवतो, तिसरा आलेख काढतो, चौथा मर्यादा तपासून अलार्म वाजवतो. फोनला वाटले की हे ॲप बराच वेळ कोणी उघडलेले नाही, बॅटरी खाते आहे, तर तो ॲपलाच झोपवतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे झोपवणे फारच कडक असते. सकाळी ॲप उघडले की सेन्सरने स्वतःजवळ साठवलेले आकडे भराभर येतात, रात्रीचा आलेख पूर्ण भरतो, कुठेही खंड दिसत नाही. पहाटे तीनला साखर ५० झाली होती हे आलेखात स्वच्छ दिसते. अलार्म मात्र वाजलेला नसतो. पाहणाऱ्याला वाटते, यंत्र तर चालू होते. यंत्र चालू होतेच. पाणी चारीत पोहोचले, पण पीक करपल्यावर.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ५ फेब्रुवारी २०२५ रोजी याच विषयावर जाहीर सूचना काढली. फोनशी जोडलेल्या मधुमेहाच्या उपकरणांचे इशारे वापरणाऱ्यांपर्यंत न पोहोचल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या आणि त्यातून गंभीर हानी झाल्याचेही प्रशासनाने नोंदवले. कारणे मोठी तांत्रिक नव्हती. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर ठेवलेला, सूचनांची परवानगी बंद झालेली, ॲप गाढ झोपेत गेलेले, नवा ब्लूटूथ इअरफोन जोडल्याने आवाज भलतीकडेच जाणे, किंवा फोनची नवी आवृत्ती ॲपशी न जुळणे.

उपकरण विकणारा माणूस सेन्सर चिकटवून देतो, ॲप टाकून देतो आणि जातो. बॅटरीच्या सेटिंगबद्दल बोलायला हवे ते त्याच वेळी, आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरनेही ते विचारायला हवे. ग्लुकोजच्या ॲपसाठी बॅटरी बचतीचे बंधन काढून टाकायचे, सेटिंगमध्ये ते ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायचे. सूचनांची परवानगी चालू आहे का आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’मधून या ॲपला वाट मोकळी आहे का, हे पाहायचे. फोन हलका करायच्या नादात सगळी ॲप वर सरकवून बंद करण्याची अनेकांना सवय असते, त्यात हे ॲप येऊ द्यायचे नाही. फोनची नवी आवृत्ती आपोआप उतरणार नाही असे करायचे आणि उतरवली तर त्याच दिवशी अलार्म वाजवून पाहायचा. एरवीही महिन्यातून एकदा. रात्री इअरफोन काढून झोपायचे. घरात दुसऱ्याच्या फोनवरही इशारा जाईल अशी सोय असेल तर ती चालू करायची. आणि उशाशी साखर ठेवायची. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालायचे नाही, १०८ ला फोन करायचा. अंगाला घाम सुटला आहे, माणूस असंबद्ध बोलतो आहे आणि फोन मात्र ११० दाखवतो आहे, अशा वेळी फोन बाजूला ठेवून बोटाला सुई टोचून तपासायचे. त्वचेखालचा आकडा मागे असतो हे विसरायचे नाही.

जाता जाता परवानग्यांबद्दल. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून पावलांची माहिती घ्यायला ॲपला आपली परवानगी लागते. २०२१ च्या अँड्रॉइड १२ पासून ॲक्सेलरोमीटर सेकंदाला २०० पेक्षा जास्त वेळा वाचायचा असेल तर ॲपला तशी वेगळी नोंद करावी लागते. कारण अति जलद वाचला तर हाच सेन्सर फोनच्या स्पीकरची कंपनेही टिपतो आणि त्यावरून बोलण्याचा अंदाज बांधता येतो, हे संशोधकांनी दाखवून दिले आहे. विजेरीच्या ॲपने पावलांची परवानगी मागितली तर नाही म्हणायला हरकत नाही. ग्लुकोजच्या ॲपने मागितलेली परवानगी मात्र घाईत नाकारू नये. नंतर ती कुठे बंद झाली ते शोधत बसावे लागते.

राहिला सुरुवातीचा प्रश्न, तीन आकड्यांपैकी खरा कोणता. अँड्रॉइड १४ पासून फोनमध्येच असलेल्या हेल्थ कनेक्टमध्ये कोणत्या ॲपचा आकडा आधी धरायचा याचा क्रम ठरवता येतो. त्यामुळे फोन आणि घड्याळ या दोघांची पावले दोनदा मोजली जात नाहीत. आयफोनच्या हेल्थ ॲपमध्येही असा क्रम लावता येतो. एक स्रोत निवडावा आणि त्याच्याशीच महिनोन्महिने टिकून राहावे. डॉक्टरांना ६,२०० की ५,७०० याने फरक पडत नाही. मागच्या महिन्यात रोज तीन हजार होती ती या महिन्यात पाच हजार झाली का, की पाच हजारांवरून अचानक दोन हजारांवर आली आणि जिना चढताना धाप लागू लागली, हे त्यांना कळायला हवे असते. दुसरी गोष्ट असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता दाखवायला यावे, आणि येताना फोन तेवढा चार्ज करून आणावा.